तिळगुळाचं गणित

दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या आमच्याकडे राहायला येतो. पंधरा वर्षांचा आहे. रात्री जेवणं आटोपली की तो गॅलरीत मोबाइल घेऊन बसतो आणि त्याच्यासारख्याच कुठल्या कुठल्या गावच्या मुलांबरोबर खेळतो. गेल्या वर्षी एका रात्री तो चिडून आत आला. खेळात काहीतरी मोठा प्रसंग होता, हजारो मुलं एका ठिकाणी जमली होती आणि ऐन वेळी सगळं थिजलं. तो म्हणाला, "काका, एवढा पैसा कमावतात हे लोक. गर्दी होणार हे आधी माहीत असतं. मग चार सर्व्हर जास्तीचे का लावत नाहीत?"

असंख्य खेळाडूंच्या ऑनलाइन खेळांबद्दल सगळ्यांनाच पडणारा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं, की चार सर्व्हर लावून सुटणारी गर्दी वेगळी आणि चाळीस लावूनही न सुटणारी गर्दी वेगळी. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. हे प्रकरण त्या फरकाबद्दल आहे.

१. जग नक्की कुठे असतं?

आधी एक साधी गोष्ट पक्की करू. मोबाइलच्या पडद्यावर दिसतं ते खेळातल्या जगाचं चित्र. जग तिथे नसतं.

समजा, खेळात रस्त्यावर सोन्याची एक पेटी पडली आहे. नाशिकची मुलगी आणि नागपूरचा मुलगा, दोघांनाही ती एकाच वेळी दिसते आणि दोघंही ती उचलतात. दोघांचे फोन म्हणणार, पेटी माझी. मग पेटी कोणाची? हे ठरवायला तिसरा कोणीतरी लागतो, कबड्डीत पंच लागतो तसा. तो पंच म्हणजे सर्व्हर: दूर कुठल्यातरी इमारतीत, थंड खोलीत, अखंड चालू असलेला कंप्युटर. खेळाडू कुठे उभा आहे, त्याच्या पिशवीत काय आहे, त्याचा जीव किती उरला आहे, हे सगळं खरं खरं तिथेच लिहिलेलं असतं. आपला फोन फक्त अर्ज करतो: डावीकडे वळू का, गोळी झाडू का? निकाल सर्व्हर देतो. निकाल फोनवर सोपवला तर फोनमध्ये फेरफार करून कोणीही स्वतःला अमर करून घेईल.

हा पंच सतत बघत नसतो, ठोक्याठोक्याने बघतो. एका ठोक्यात तो साचलेले अर्ज उचलतो, निकाल लावतो, ज्याला त्याला कळवतो आणि पुढच्या ठोक्याकडे वळतो. या ठोक्याला या धंद्यात टिक म्हणतात. नेमबाजीच्या खेळात सेकंदाला तीस-साठ टिक असू शकतात, संथ खेळात एकच. एका टिकमधलं काम पुढची टिक यायच्या आत संपलं नाही, तर खेळ अडकतो. ज्याला आपण लॅग म्हणतो त्याचं एक मोठं कारण हेच.

२. परीक्षा आणि ग्रामसभा

जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा खेळ आला. रस्त्यावरून चालत फोनमधले प्राणी पकडायचे, असा तो खेळ. तो गूगलच्या क्लाउडवर चालत होता, म्हणजे लागतील तशी भाड्याने मिळणारी यंत्रं. वाईटात वाईट म्हणजे अंदाजाच्या पाचपट गर्दी होईल असं धरलं होतं. प्रत्यक्षात ती पन्नासपट झाली. सुरुवातीला खेळ धडपडला, पण यंत्रं वाढवत नेली आणि तो सावरला.

तो सावरू शकला, कारण ती गर्दी दहावीच्या परीक्षेसारखी होती. परीक्षेला मुलं दुप्पट आली तर वर्ग दुप्पट उघडायचे. या वर्गातल्या मुलाला त्या वर्गातल्या मुलाशी काही देणंघेणं नसतं. सिडनीत कोणी प्राणी पकडला तर लंडनमधल्या खेळाडूला ते त्या क्षणी कळायची गरज नसते.

ग्रामसभेचं तसं नाही. तिथे प्रत्येकाचं बोलणं प्रत्येकाने ऐकायचं असतं. माणसं वाढली म्हणून ग्रामसभा दोन खोल्यांत भरवली तर ती एक सभा राहत नाही. माझा पुतण्या ज्या गर्दीत अडकला, ती ग्रामसभेची गर्दी होती.

३. तिळगुळाचं गणित

संक्रांतीला वाड्यात प्रत्येकाने प्रत्येकाला तिळगूळ द्यायचा. वाड्यात १० माणसं असतील तर प्रत्येकाला ९ जणांना द्यायचा आहे, म्हणजे एकूण ९० वेळा हात पुढे होणार. शेजारच्या वाड्याची माणसं आली आणि २० झाली, तर १८० वेळा असं वाटतं. पण २० गुणिले १९, म्हणजे ३८० होतात. माणसं दुप्पट, तिळगूळ चौपटीहूनही जास्त.

खेळात तिळगुळाच्या जागी बातमी असते. मी एक पाऊल टाकलं, ही बातमी मला पाहू शकणाऱ्या प्रत्येकाला गेली पाहिजे. प्रत्येकाने सेकंदाला एकच हालचाल केली असं धरा. १०० माणसांत सेकंदाला ९,९०० बातम्या. १,००० माणसांत ९,९९,००० बातम्या. माणसं दसपट झाली आणि काम शंभरपटीच्याही थोडं वर गेलं. मैदानात विमानातून उडी मारून शेवटचा एक उरेपर्यंत लढायचे जे खेळ आपल्याकडची मुलं खेळतात, त्यांत एका डावात साधारण १०० जण का असतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी याच गुणाकारात आहे.

हा गुणाकार टाळता येत नाही. त्याला आवर घालायच्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेची किंमत आहे. पुढचं बरंचसं त्या वाटांबद्दल.

४. पहिली वाट: एका जगाच्या अनेक प्रती

१९९७ मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइनने ही वाट घेतली. जग एकच रचायचं, पण त्याच्या अनेक प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालवायच्या. तीच गावं, त्याच गुहा. माणसं मात्र प्रत्येक प्रतीत वेगळी. या प्रतींना खेळात शार्ड म्हटलं, म्हणजे तुकडा, काचेची कपची. कथेतही ते बसवून घेतलं: एक जादूचं रत्न फुटलं आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यात त्या जगाचं एकेक प्रतिबिंब राहिलं. यंत्राची अडचण कथेत इतक्या सुंदर रीतीने मुरवल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. तिथे प्रतीला रेल्म म्हणतात. किंमत उघड आहे. सुरुवातीच्या काळात तुमचा जिवलग मित्र दुसऱ्या रेल्ममध्ये असेल तर एकाच गावात, एकाच झाडाखाली उभे असूनही तुम्ही एकमेकांना भेटत नव्हता.

शिवाय प्रतीच्या आतली गर्दी ग्रामसभेचीच असते. २००६ च्या जानेवारीत त्या खेळात अहन-किराज नावाच्या जागेचे दरवाजे उघडायचे होते. प्रत्येक रेल्ममधल्या खेळाडूंनी आठवडेच्या आठवडे सामान गोळा करून तो क्षण जवळ आणलेला. मग ज्याला त्याला तिथे त्या दारासमोरच उभं राहायचं होतं. रेल्ममध्ये बाकी कितीही मोकळी जागा असली तरी तिचा उपयोग नव्हता. त्या दिवशी सर्व्हर कोसळत राहिले.

५. दुसरी वाट: तलाठ्याचे सज्जे

आता आइसलँडला जाऊ. रेक्याविक शहरातल्या सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ सुरू केला आणि एक धाडसी गोष्ट ठरवली: प्रती काढायच्या नाहीत. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात राहतील. त्या विश्वाचं नाव ट्रँक्विलिटी, आणि ते चालवणारी यंत्रं लंडनमध्ये.

या विश्वात साडेसात हजारांहून अधिक सूर्यमंडळं आहेत. त्यांची वाटणी कशी होते ते समजायला आपला तलाठी पुरतो. तलाठ्याच्या सज्जात कधी चार-पाच लहान गावं असतात. गाव मोठं असेल तर त्या एकाच गावाला एक तलाठी. ट्रँक्विलिटीतही तसंच. एक प्रोग्राम बऱ्याच शांत सूर्यमंडळांचा कारभार पाहतो. पण जिटा नावाचं एक सूर्यमंडळ आहे, तिथे त्या विश्वाची सर्वात मोठी बाजारपेठ भरते. त्याच्यासाठी स्वतंत्र यंत्र राखून ठेवलेलं असतं, आणि पूर्वी गर्दी फार झाली की त्याचं दार नव्या माणसांना बंद होई.

एका सूर्यमंडळातून दुसऱ्यात जायचं तर सहसा ठरावीक दारातून उडी मारावी लागते. ती खेळातली गंमत वाटते, पण खरं काम मागे चाललेलं असतं: या तलाठ्याच्या दप्तरातून तुमचं नाव कमी होतं आणि त्या तलाठ्याच्या दप्तरात चढतं. जगाची शिवण नेमकी त्या दारात लपवली आहे. सलग जमिनीच्या खेळात ही सोय नसते. तिथे दोन सर्व्हरांच्या हद्दीवरचा बांध मैदानाच्या मधूनच जातो. बांधाच्या अलीकडून सोडलेला बाण पलीकडच्या माणसाला लागला, तर निकाल कोणत्या पंचाने द्यायचा, ही त्या अभियंत्यांची रोजची डोकेदुखी.

मग वाचक विचारेल, एकाच सूर्यमंडळात गर्दी झाली तर ते दहा यंत्रांत वाटून द्या! कल्पना करा, एकाच सातबाऱ्यावर दहा तलाठी एकाच वेळी नोंदी करत आहेत. प्रत्येकाला प्रत्येक नोंदीआधी उरलेल्या नऊ जणांना विचारावं लागेल. नोंदीपेक्षा विचारपूसच जास्त होईल, आणि तिळगुळाचं गणित आता यंत्रायंत्रांत सुरू होईल. त्यात ईव्ह ज्या पायथॉन भाषेत लिहिला आहे, तिच्या घडणीमुळे एक प्रोग्राम प्रोसेसरचा जवळपास एकच गाभा वापरू शकतो. यंत्रात सोळा गाभे असले तरी लढाई एकाच गाभ्यावर चालते. म्हणून तिथे पुष्कळ गाभे असलेल्या यंत्रापेक्षा ज्याचा एक गाभा अतिशय वेगवान आहे, असं यंत्र जास्त मोलाचं.

६. एक बिल भरायचं राहिलं

२७ जानेवारी २०१४. बी-आर-५-आर-बी अशा रुक्ष नावाच्या एका सूर्यमंडळावर खेळाडूंच्या एका आघाडीचा ताबा होता. ताबा टिकवायला खेळातल्या पैशात ठरावीक मुदतीने बिल भरावं लागतं. ते भरलं गेलं नाही. ताबा सुटला, शत्रूने संधी साधली आणि दोन्ही बाजूंनी कुमक मागवायला सुरुवात केली. त्या खेळातली सर्वात मोठी जहाजं म्हणजे टायटन. एकेक बांधायला खेळाडूंचे महिने जातात. तशी ७५ टायटन त्या लढाईत नष्ट झाली. नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या आसपास काढला गेला. लढाई सुमारे २१ तास चालली. एकूण ७,५४८ पात्रांनी तिच्यात भाग घेतला आणि ऐन भरात २,६७० एकाच वेळी तिथे होती.

आपल्या गणितात २,६७० घालून पाहा: २,६७० गुणिले २,६६९, म्हणजे ७१,२६,२३०. प्रत्येकाने सेकंदाला एकच हालचाल केली तरी सत्तर लाखांवर बातम्या. यातल्या काही वाचवता येतात. ईव्हमध्ये प्रत्येक सूर्यमंडळाचे लहान लहान परिसर मानले आहेत, त्यांना ग्रिड म्हणतात. दुसऱ्या ग्रिडमधल्या माणसाचं नाव यादीत दिसतं, पण त्याची हालचाल कळवली जात नाही. तिळगूळ आपल्या आळीपुरताच. बहुतेक सगळ्या ऑनलाइन खेळांत ही युक्ती असते आणि एरवी ती फार उपयोगी पडते. लढाईत मात्र सगळे एकाच आळीत येतात, कारण लढाई तिथेच असते.

एकेका तोफेच्या मागे काय चालतं तेही जवळून बघण्यासारखं आहे. खेळाडू बटण दाबतो. अर्ज आधी दारावरच्या यंत्राकडे जातो; त्याचं काम फक्त हा खेळाडू सध्या कोणत्या सूर्यमंडळात आहे ते पाहून अर्ज तिकडे धाडणं. तिथे पुढची टिक होते. लक्ष्य पल्ल्यात आहे का? त्याचा वेग किती, तोफ तेवढ्या वेगाने वळेल का? कवच किती उरलं? जहाज फुटलं तर त्याचा मलबा कुठे टाकायचा, त्यात कोणतं सामान शाबूत ठेवायचं, विम्याचे पैसे कोणाला द्यायचे? मग हा निकाल ग्रिडमधल्या प्रत्येकाला. हे एका गोळीचं झालं. हजारो तोफा धडाडत असतात.

७. विलंबित लय

एवढं काम ईव्हच्या एका सेकंदाच्या टिकमध्ये मावत नाही. पूर्वी अशा वेळी अर्ज साचत जायचे. कोणाची तोफ मिनिटामिनिटांनी उडे, कोणाची उडतच नसे, आणि जिंकणं-हरणं पराक्रमापेक्षा कोणाचा अर्ज आधी निघाला यावर ठरे. गाणारा पुढे निघून गेला, तबला मागे पडला आणि समेवर कोणीच कोणाला भेटेना, तशी ती स्थिती.

२०११-१२ च्या सुमारास सीसीपीने यावर जो उपाय आणला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वात प्रामाणिक उपाय वाटतो. काम वेळेत मावत नसेल तर वेळच ताणायची. सूर्यमंडळावर भार आला की तिथलं घड्याळ संथ होतं: नव्वद टक्के, पन्नास टक्के, खाली अगदी दहा टक्क्यांपर्यंत. विलंबित लयीत मात्रा तेवढ्याच असतात, सम तीच असते, गायक आणि तबलजी बरोबरच असतात. दोन मात्रांमधलं अंतर फक्त वाढतं. इथेही जहाज दसपट हळू वळतं, तोफ दसपट हळू भरते, पण सगळ्यांचीच. कोणावर अन्याय होत नाही. बी-आर-५-आर-बी ची लढाई बराच काळ याच दहा टक्क्यांच्या लयीत चालली. तीच लय पूर्णवेळ धरली तर २१ तासांत खेळातल्या घड्याळाने जेमतेम २ तास ६ मिनिटं पाहिली असतील.

हा उपाय एकाच विश्वाच्या खेळाला शोभतो, तोही संथ जहाजांच्या. समोरासमोर बंदूक रोखलेल्या खेळात काळ दसपट ताणला तर खेळच उरणार नाही. आणि यालाही तळ आहे. २०२१ च्या पहिल्याच आठवड्यात एम-२-एक्स-एफ-ई या सूर्यमंडळात हजारो खेळाडूंनी एका दमात उडी घेतली. घड्याळ संथ झालेलं होतं, पण एवढ्या जहाजांना एकाच वेळी दप्तरात चढवून घेणं यंत्राला पेललं नाही. अनेकांना ते सूर्यमंडळ धड दिसलंही नाही. पडदा भरायच्या आत त्यांची जहाजं गेली होती.

लढाई आधीच ठरलेली असेल तर खेळाडू कंपनीला कळवून ठेवतात, आणि ते सूर्यमंडळ अधिक ताकदीच्या यंत्रावर नेऊन ठेवता येतं. पंढरपूरला आषाढीच्या आधी जादा एसटी गाड्या सोडाव्यात, तसंच हे. बिल भरायचं राहून गेल्याची पूर्वसूचना मात्र कोणी देत नाही.

८. दप्तर

टिकमध्ये जे घडतं ते यंत्राच्या स्मरणात असतं, आणि वीज गेली की स्मरण जातं. म्हणून महत्त्वाच्या गोष्टी कायमच्या दप्तरात, म्हणजे डेटाबेसमध्ये, लिहाव्या लागतात. प्रत्येक पावलाची नोंद तिथे करत बसलो तर दप्तरच तुंबेल. सौद्याची नोंद केली नाही तर घात होईल.

समजा, मी तुम्हाला तलवार दिली आणि तुम्ही मला शंभर नाणी. तलवार तुमच्याकडे गेल्याची नोंद झाली आणि नाणी माझ्याकडे यायच्या आत यंत्र बंद पडलं. किंवा उलट, तुमच्याकडे तलवार आल्याची नोंद झाली पण माझ्याकडून ती कमी झाल्याची राहिली. आता जगात दोन तलवारी आहेत. हे एकदा लोकांच्या लक्षात आलं की ते मुद्दाम यंत्र बंद पाडून तलवारींची शेती करतात, आणि त्या जगातला पैसा मातीमोल होतो. म्हणून दोन्ही नोंदी एका गाठोड्यात बांधतात: झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. बँकेत पैसे पाठवताना आपण ज्या भरवशावर निर्धास्त असतो, तोच हा भरवसा.

ट्रँक्विलिटी रोज थोडा वेळ बंद ठेवतात, जागतिक प्रमाणवेळेने सकाळी ११ वाजता. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार. दप्तर झाडूनपुसून घ्यायचं, सज्जांची वाटणी नव्याने करायची, ती ही वेळ.

९. समुद्राखालचं अंतर

एक गोष्ट उरली, आणि तिच्यावर पैशाचा किंवा हुशारीचा इलाज नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत अंदाजे ७,२०० किलोमीटर. अर्ज जाऊन निकाल परत यायला १४,४०० किलोमीटर, म्हणजे ०.०७२ सेकंद. हे सरळ रेषेचं झालं. खरी तार समुद्राच्या तळावरून वळसे घेत जाते, वाटेत यंत्रं लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ याहून जास्त. सेकंदाला एकच टिक असलेल्या ईव्हला हे चालून जातं, आणि जगभराची माणसं एका विश्वात ठेवणं त्यांना जमलं त्यामागे हा संथपणाही आहे. नेमबाजीच्या खेळात तेवढ्या वेळात समोरचा भिंतीआड गेलेला असतो. म्हणून असे खेळ आपले सर्व्हर खेळाडूंच्या जवळच्या शहरांत ठेवतात आणि जगाचे प्रदेश पाडतात.

हे सगळं मी पुतण्याला त्या रात्री गॅलरीत सांगितलं. त्याने विचारलं, मग आजवर जास्तीत जास्त किती माणसं एका लढाईत एका वेळी हजर राहू शकली? विक्रम ईव्हच्याच नावावर आहे, गिनेस बुकातही नोंदलेला. ६ ऑक्टोबर २०२०, सूर्यमंडळ एफ-डब्ल्यू-एस-टी-८, एका वेळी ६,५५७ खेळाडू, तिळगुळाच्या हिशेबाने ४,२९,८७,६९२. वानखेडे स्टेडियमवर सुमारे ३३,००० माणसं बसतात. ती सगळी विक्रमी गर्दी तिथे पाचव्या हिश्शाहून थोड्या कमी खुर्च्यांत मावली असती.